जेट एअरवेजची दिवाळखोरी

जेट एअरवेज ही मुंबईत मुख्यालय असलेली भारतातील खासगी प्रवासी विमान कंपनी होती. आर्थिक अडचणींमुळे कंपनीने १७ एप्रिल २०१९ रोजी आपली सर्व उड्डाणे थांबवली. त्यानंतर जून २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे तिच्याविरुद्ध नादारीची कार्यवाही सुरू झाली. पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या कार्यवाहीचा शेवट ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अवसायनाच्या आदेशाने झाला. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या कायद्याखाली गेलेली ही भारतातील पहिली मोठी प्रवासी विमान कंपनी होय.

उड्डाणे थांबली तेव्हा कंपनीत सुमारे १६,००० कायम कर्मचारी होते. कंत्राटी कामगार धरून ही संख्या २०,००० पेक्षा अधिक होती. त्यांतील मोठा वर्ग मुंबई व उपनगरांत राहणारा होता. थकलेले वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी आणि सेवेतील कायमपण या प्रश्नांवर कर्मचारी संघटनांनी दिलेले न्यायालयीन लढे हा या प्रकरणाचा महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

१९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने भारतातील नियमित विमान वाहतुकीची मक्तेदारी सरकारी महामंडळांकडे दिली होती. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात खासगी कंपन्यांना प्रथम हवाई टॅक्सी म्हणून परवानगी मिळाली. नरेश गोयल यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेल्या जेट एअरवेजने ५ मे १९९३ रोजी भाड्याने घेतलेल्या चार बोइंग ७३७ विमानांसह सेवा सुरू केली. १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला आणि १९९५ मध्ये कंपनीला नियमित विमान कंपनीचा दर्जा मिळाला. त्याच काळात सुरू झालेल्या ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त आणि एनईपीसी या खासगी कंपन्या दशक संपण्यापूर्वीच बंद पडल्या. जेट मात्र टिकली. २००४ मध्ये तिने कोलंबोला पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण केले आणि २००५ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदवले गेले.

२००७ मध्ये कंपनीने एअर सहारा ही प्रतिस्पर्धी कंपनी १,४५० कोटी रुपयांना विकत घेऊन तिचे नाव जेटलाइट असे ठेवले. पुढील काळातील कर्जबाजारीपणाची सुरुवात अनेक अभ्यासक या व्यवहारापासून मानतात. २००८ मधील जागतिक मंदी आणि इंधनाचे चढे भाव यांमुळे तोटा वाढला. २०१३ मध्ये अबू धाबीच्या इतिहाद एअरवेजने कंपनीतील २४ टक्के हिस्सा घेतला. त्यातून आलेल्या भांडवलामुळे कंपनीला काही वर्षे दिलासा मिळाला.

२००८ मधील कर्मचारी कपात

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने किंगफिशर एअरलाइन्सबरोबर सहकार्य करार जाहीर केला आणि लगेचच सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. यांत परिवीक्षाधीन केबिन कर्मचाऱ्यांची संख्या मोठी होती. मुंबईत गणवेशातील तरुण-तरुणींनी रस्त्यावर उतरून निदर्शने केली. काही कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांची भेट घेतली. कर्मचाऱ्यांना परत न घेतल्यास महाराष्ट्रातून कंपनीची विमाने उडू देणार नाही, असा इशारा ठाकरे यांनी दिला. दुसऱ्याच दिवशी नरेश गोयल यांनी कपातीचा निर्णय मागे घेतला.

२००८ मध्ये कंपनी चालू होती आणि निर्णय फिरवण्याचा अधिकार मालकाकडे होता. त्यामुळे रस्त्यावरील दबाव परिणामकारक ठरला. २०१९ मध्ये परिस्थिती वेगळी होती. तेव्हा निर्णय बँका, भाडेपट्ट्याने विमाने देणाऱ्या परदेशी कंपन्या आणि न्यायाधिकरण यांच्या हाती होता.

संकटाची कारणे

* इंधन : विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे ८० डॉलरच्या वर गेला. मुंबई व पुणे येथे विमान इंधनावर २५ टक्के मूल्यवर्धित कर होता. राज्य शासनाने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तो १८ टक्क्यांवर आणला.
* रुपयाची घसरण : विमानांचे भाडे, सुटे भाग आणि परदेशातील देखभाल यांची देयके डॉलरमध्ये द्यावी लागतात, तर देशांतर्गत तिकिटांचे उत्पन्न रुपयांत मिळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका डॉलरचा दर ७४ रुपयांपर्यंत गेला.
* स्पर्धा : इंडिगो, स्पाइसजेट आणि गोएअर या कमी खर्चाच्या कंपन्यांनी तिकिटांचे दर खाली ठेवले. जेवण व इतर सुविधांसह पूर्ण सेवा देणाऱ्या जेटचा प्रति आसन खर्च त्यांच्यापेक्षा जास्त होता. खर्च भरून निघेल इतके भाडे आकारल्यास प्रवासी कमी होत आणि भाडे कमी ठेवल्यास तोटा वाढे.
* विस्ताराचा बोजा : एअर सहाराची खरेदी, लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी घेतलेली मोठी विमाने आणि अनेक प्रकारच्या विमानांचा एकत्र ताफा यांमुळे कर्ज व देखभालीचा खर्च वाढला.
* नियंत्रणाचा प्रश्न : नवीन भांडवल आणण्याच्या वाटाघाटींत संस्थापकांचे कंपनीवरील नियंत्रण हा वादाचा मुद्दा ठरला. त्यामुळे निर्णय लांबले.

एप्रिल ते जून २०१८ या तिमाहीत कंपनीला १,३२३ कोटी रुपयांचा तोटा झाला. पुढील दोन तिमाहींतही तोटा झाला. ३१ डिसेंबर २०१८ रोजी देय असलेला कर्जाचा हप्ता कंपनीला भरता आला नाही.

उड्डाणे थांबली

२०१८ च्या उत्तरार्धापासून वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकारी यांचे वेतन हप्त्यांनी व उशिरा मिळू लागले. भाडे न मिळाल्याने विमानांचे मालक आपली विमाने जमिनीवर उभी करू लागले. सुमारे १२० विमानांचा ताफा काही आठवड्यांत आटला.

२५ मार्च २०१९ रोजी नरेश गोयल व त्यांच्या पत्नी अनिता गोयल यांनी संचालकपदाचा राजीनामा दिला. भारतीय स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी कर्जाचे भागभांडवलात रूपांतर करून १,५०० कोटी रुपये देण्याची योजना जाहीर केली होती, परंतु ही रक्कम कंपनीला मिळाली नाही. एप्रिलमध्ये थकबाकीमुळे इंधनपुरवठा वारंवार खंडित झाला आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद झाली. अखेरच्या दिवसांत दहापेक्षा कमी विमाने उडत होती. तातडीच्या खर्चासाठी मागितलेले सुमारे ४०० कोटी रुपये देण्यास बँकांनी नकार दिला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले विमान हे कंपनीचे शेवटचे उड्डाण ठरले. कंपनीने या निर्णयाचे वर्णन ‘तात्पुरती स्थगिती’ असे केले होते.

कर्मचाऱ्यांवरील परिणाम

वेतन व नोकऱ्या

सेवा थांबली तेव्हा वैमानिक व अभियंत्यांचे सुमारे तीन महिन्यांचे, तर इतर सर्वांचे मार्चपासूनचे वेतन थकलेले होते. कंपनीने कर्मचाऱ्यांना औपचारिकपणे सेवामुक्त केले नव्हते. त्यामुळे हजारो लोक कागदोपत्री नोकरीत होते, पण त्यांना काम किंवा वेतन मिळत नव्हते. राजीनामा दिला तर थकबाकीवरील हक्क कमकुवत होईल आणि न दिला तर दुसरीकडे रुजू होता येणार नाही, अशा कोंडीत अनेकजण सापडले. कंपनीमार्फत मिळणारे सामूहिक वैद्यकीय विम्याचे संरक्षणही खंडित झाले.

अंधेरी (पूर्व) येथील सहार विमानतळ मार्गावरील सिरोया सेंटर या मुख्यालयासमोर आणि दिल्लीत जंतरमंतर येथे कर्मचाऱ्यांनी निदर्शने केली.

इतरत्र मिळालेला रोजगार

सर्व कर्मचाऱ्यांवर सारखा परिणाम झाला नाही. विशिष्ट विमान चालवण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा परवाना असलेले वैमानिक व अभियंते यांना देशात किंवा आखाती देशांत तुलनेने लवकर काम मिळाले. स्पाइसजेटने जेटची काही बोइंग ७३७ विमाने भाड्याने घेतली आणि त्यांबरोबर १०० हून अधिक वैमानिक व २०० हून अधिक केबिन कर्मचाऱ्यांना घेतल्याचे एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केले. विस्तारा व इतर कंपन्यांनीही भरती केली. अनेकांना पूर्वीपेक्षा कमी वेतन स्वीकारावे लागले.

भूसेवा विभाग, तिकीट व आरक्षण कक्ष, सामान हाताळणी, मालवाहतूक आणि कार्यालयीन विभागांतील कर्मचाऱ्यांची स्थिती अधिक बिकट होती. चाळिशी-पन्नाशीतील, एकाच कंपनीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या कर्मचाऱ्यांना त्याच दर्जाची नोकरी मिळणे कठीण होते. त्यानंतर वर्षभरातच कोविड-१९ साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशातील प्रवासी विमानसेवा पूर्णपणे थांबली. त्यामुळे ज्यांना पुन्हा काम मिळाले होते त्यांच्यापुढेही कपातीचे संकट उभे राहिले.

कंपनीच्या वेतनपटावर नसलेल्या रोजगारालाही फटका बसला. विमानात जेवण पुरवणारी स्वयंपाकगृहे, स्वच्छतेची कंत्राटे, कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या मोटारी आणि प्रवास संस्था यांची देयके अडकली. असे पुरवठादार कायद्याच्या भाषेत ‘कार्यचालन धनको’ ठरतात आणि वसुलीच्या क्रमात त्यांचे स्थान खालचे असते.

कंत्राटी कामगारांचा खटला

सामान चढवणारे व सफाई करणारे कामगार, चालक आणि यंत्रचालक यांना कंपनी ठरावीक मुदतीच्या करारावर, मध्ये खंड ठेवून कामावर घेत असे. बॉम्बे मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्सनुसार २४० दिवसांचे काम पूर्ण केल्याने आपण कायम ठरतो, असा १६९ कामगारांचा दावा होता. कायमपणाची मागणी सोडणारा समझोता २००२ मध्ये तत्कालीन संघटनेने केला असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण आणि मुंबई उच्च न्यायालय यांनी कामगारांचा दावा नाकारला. भारतीय कामगार कर्मचारी महासंघाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. २५ जुलै २०२३ रोजी न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल देताना, स्थायी आदेशांनी दिलेला हक्क खासगी कराराने किंवा समझोत्याने हिरावून घेता येत नाही, असे स्पष्ट केले.

या निकालाचे महत्त्व जेटपुरते मर्यादित नाही. मुदतबंद करारावर मनुष्यबळ नेमणाऱ्या महाराष्ट्रातील इतर आस्थापनांतील कामगारांच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा मानला जातो. तथापि, निकाल लागला तेव्हा जेटची विमाने उडणे बंद होऊन चार वर्षे झाली होती.

नादारीची कार्यवाही

भारतीय स्टेट बँकेच्या अर्जावरून २० जून २०१९ रोजी न्यायाधिकरणाने कार्यवाही सुरू केली. त्या वेळी बँकांचे ८,००० कोटी रुपयांहून अधिक कर्ज थकीत होते. आशिष छावछरिया यांची निराकरण व्यावसायिक म्हणून नेमणूक झाली.

त्याआधी मे २०१९ मध्ये नेदरलँड्समधील न्यायालयाने दोन युरोपीय धनकोंच्या अर्जावरून कंपनीला दिवाळखोर घोषित केले होते आणि ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर कंपनीचे एक बोइंग ७७७ विमान अडकवून ठेवले होते. राष्ट्रीय कंपनी विधी अपिलीय न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय निराकरण व्यावसायिक व डच विश्वस्त यांच्यातील सहकार्याच्या मसुद्याला मान्यता दिली. दोन देशांत एकाच वेळी चाललेल्या नादारी कार्यवाहीचा असा समन्वय भारतात प्रथमच झाला.

ऑक्टोबर २०२० मध्ये धनको समितीने उद्योजक मुरारीलाल जालान आणि लंडनस्थित कॅलरॉक कॅपिटल यांच्या समूहाची योजना स्वीकारली. न्यायाधिकरणाने २२ जून २०२१ रोजी तिला मंजुरी दिली. योजनेत एकूण ४,७८३ कोटी रुपये देण्याचे आश्वासन होते, त्यांपैकी पहिला हप्ता ३५० कोटींचा होता. मे २०२२ मध्ये कंपनीला विमानचालनाचे प्रमाणपत्र पुन्हा मिळाले आणि काही नवीन भरतीही झाली. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस अनेक कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. विमानसेवा पुन्हा सुरू झालीच नाही.

भविष्य निर्वाह निधी व उपदान

मंजूर योजनेत कर्मचाऱ्यांना त्यांच्या दाव्याच्या तुलनेत अतिशय अल्प रोख रक्कम देऊ केली होती. भूसेवा विभाग वेगळा काढून त्यात कर्मचाऱ्यांना हिस्सा देण्याचीही तरतूद होती. विमान देखभाल अभियंत्यांची संघटना व इतर संघटनांनी या योजनेला आव्हान दिले. अपिलीय न्यायाधिकरणाने २१ ऑक्टोबर २०२२ रोजी, नादारीची कार्यवाही सुरू झाली त्या दिवसापर्यंतचा भविष्य निर्वाह निधी व उपदान पूर्ण द्यावे असा आदेश दिला. समूहाचे त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२३ रोजी फेटाळले.

संहितेच्या कलम ३६ नुसार भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधी यांतील कामगारांच्या रकमा कंपनीच्या अवसायन संपदेचा भाग मानल्या जात नाहीत. त्या धनकोंमध्ये वाटता येत नाहीत. थकलेल्या वेतनाला असे संरक्षण नाही.

अवसायनाचा आदेश

मालकी हस्तांतरणावरून बँका आणि जालान-कॅलरॉक समूह यांच्यात वाद सुरू राहिला. अपिलीय न्यायाधिकरणाने १२ मार्च २०२४ रोजी समूहाच्या बाजूने निर्णय दिला. पहिल्या हप्त्यातील १५० कोटी रुपये बँक हमीतून वळते करण्याची मुभाही त्यात होती. बँकांच्या अपिलावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी हा निर्णय रद्द केला आणि संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. समूहाने भरलेले २०० कोटी रुपये जप्त करण्यात आले आणि १५० कोटींची बँक हमी वटवण्याची बँकांना परवानगी मिळाली. योजना मंजूर होऊन तीन वर्षे उलटली तरी तिची अंमलबजावणी न झाल्याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. निकालपत्र न्या. पारडीवाला यांनी लिहिले.

अवसायनातील वाटपाचा क्रम

कंपनीची मालमत्ता विकून आलेली रक्कम संहितेच्या कलम ५३ नुसार पुढील क्रमाने वाटली जाते :

१. नादारी कार्यवाही व अवसायनाचा खर्च
२. कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेल्या धनकोंची देणी (दोन्ही समान पातळीवर)
३. इतर कर्मचाऱ्यांचे मागील १२ महिन्यांचे वेतन
४. तारण नसलेल्या वित्तीय धनकोंची देणी
५. शासकीय देणी व तारणधारकांची उरलेली रक्कम
६. उर्वरित देणी
७. अग्रहक्क भागधारक आणि शेवटी सामान्य भागधारक

या क्रमात ‘कामगार’ व ‘कर्मचारी’ यांतील भेद निर्णायक ठरतो. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधील व्याख्येनुसार व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच महिना १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक हे ‘कामगार’ ठरत नसत. त्यामुळे एकाच विमानतळावर शेजारी शेजारी काम केलेल्या दोघांपैकी एक दुसऱ्या पायरीवर, तर दुसरा तिसऱ्या पायरीवर असू शकतो.

क्रम अनुकूल असला तरी वाटण्यासारखी मालमत्ता शिल्लक असावी लागते. विमान कंपनीची बहुतेक विमाने भाड्याची असतात आणि ती मालकांकडे परत जातात. उड्डाण व अवतरणाच्या ठरलेल्या वेळा, म्हणजेच स्लॉट, कंपनीच्या मालकीचे नसतात. जेट बंद पडल्यानंतर मुंबई व दिल्ली विमानतळांवरील तिचे स्लॉट सरकारने इतर कंपन्यांना दिले. कंपनीच्या स्वतःच्या काही जुन्या विमानांची किंमत उभ्या उभ्या घटत गेली आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील जागा कार्यवाहीदरम्यान विकली गेली. कारखाना बंद पडला तर जमीन व यंत्रे उरतात. बंद पडलेल्या विमान कंपनीकडे तुलनेने फार थोडे उरते आणि विलंबाने तेही कमी होत जाते. म्हणूनच पाच वर्षांचा विलंब कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महाग ठरला.

महाराष्ट्रातील विमानसेवेवरील परिणाम

एप्रिल २०१९ मध्ये देशांतर्गत प्रवाशांच्या संख्येत जवळपास पाच वर्षांत प्रथमच घट झाली आणि तिकिटांचे दर वाढले. मुंबईत रिकाम्या झालेल्या वेळा इतर कंपन्यांनी लवकरच भरून काढल्या. लहान शहरांत मात्र उणीव अधिक जाणवली. जेटची मुंबई–औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) सेवा बंद झाल्याने अजिंठा-वेरूळ लेण्यांच्या पर्यटनावर अवलंबून असलेल्या व्यावसायिकांची अडचण झाली. ‘उडान’ या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेखाली जून २०१८ मध्ये सुरू झालेल्या नाशिक–दिल्ली आणि नागपूर–अलाहाबाद या जेटच्या सेवाही वर्षभराच्या आत संपल्या.

वऱ्हाड

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत जेट एअरवेजची सेवा नव्हती. येथील विमान प्रवासी मुख्यतः नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर अवलंबून होते. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, तर अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटर आहे. मुंबईला जाण्यासाठी रेल्वे हाच या भागातील बहुसंख्य लोकांचा मार्ग असल्याने जेटच्या बंद पडण्याचा थेट परिणाम मर्यादित राहिला.

विमान वाहतुकीतील रोजगाराचा प्रश्न मात्र या भागात त्यानंतर पुढे आला. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळाची धावपट्टी वाढवून १,८५० मीटर करण्यात आली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत विमानतळाचे उद्घाटन झाले. ‘उडान’ योजनेखाली अलायन्स एअरने एटीआर-७२ विमानाने मुंबई–अमरावती सेवा आठवड्यातून तीन दिवस सुरू केली. बेलोरा येथेच एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले असून तिची नियोजित क्षमता वर्षाला १८० वैमानिकांची आहे. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचा विस्तार मात्र लगतच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या व इतर जमिनींच्या प्रश्नामुळे दीर्घकाळ रखडला आणि तेथून नियमित सेवा सुरू झाली नाही. यवतमाळचे विमानतळ राज्याने २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती व उस्मानाबादसह रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले होते, परंतु तेथेही नियमित प्रवासी सेवा उभी राहिली नाही.

लहान विमानतळावरील सुरक्षा, अग्निशमन, भूसेवा, उपाहारगृह व टॅक्सी व्यवसायातील नोकऱ्या बहुधा एकाच विमान कंपनीच्या एक-दोन उड्डाणांवर अवलंबून असतात. ‘उडान’ योजनेत केंद्र व राज्य सरकारे कंपनीला तूट भरून देणारे अनुदान ठरावीक मुदतीपर्यंत देतात. कंपनीच बंद पडली तर नवीन कंपनीची निवड होईपर्यंत मार्ग रिकामा राहतो. महाराष्ट्रात याचा अनुभव अनेकदा आला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव व नाशिक येथे सेवा सुरू करणारी एअर डेक्कन एप्रिल २०२० मध्ये थांबली, तर नांदेड, जळगाव व कोल्हापूर या शहरांना जोडणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली.

तत्सम प्रकरणे व कायद्यातील बदल

किंगफिशर एअरलाइन्सची सेवा ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा नादारी संहिता अस्तित्वात नव्हती. तिच्या कर्मचाऱ्यांना थकीत वेतनासाठी वेगवेगळ्या न्यायालयांत दाद मागावी लागली. मुंबईतील वाडिया समूहाच्या गो फर्स्ट या कंपनीने मे २०२३ मध्ये स्वतःहून नादारीचा अर्ज केला. तिच्याकडे सुमारे ७,००० कर्मचारी होते. २० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधिकरणाने तिच्याही अवसायनाचा आदेश दिला.

गो फर्स्टच्या प्रकरणात विमाने अडकून पडल्याने परदेशी मालकांनी तक्रारी केल्या. त्यानंतर केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमाने व विमानांची इंजिने नादारीतील स्थगनातून वगळली आणि २०२५ मध्ये संसदेने याच उद्देशाने स्वतंत्र कायदा केला. यामुळे भारतीय कंपन्यांना विमाने स्वस्त भाड्याने मिळतील, असे समर्थक मानतात. दुसरीकडे, विमाने लगेच परत गेल्यास अडचणीतील कंपनी पुन्हा उभी राहण्याची व तिच्यातील नोकऱ्या वाचण्याची शक्यता आणखी कमी होते, असा आक्षेपही घेतला जातो.

संस्थापकावरील खटला

कॅनरा बँकेच्या ५३८ कोटी रुपयांच्या कर्जासंबंधीच्या फसवणुकीच्या आरोपावरून अंमलबजावणी संचालनालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी नरेश गोयल यांना अटक केली. गोयल यांनी आरोप नाकारले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांना वैद्यकीय कारणास्तव जामीन दिला.

घटनाक्रम

* ५ मे १९९३ : पहिले व्यावसायिक उड्डाण
* २००७ : एअर सहाराची खरेदी
* ऑक्टोबर २००८ : सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांची कपात व फेरनियुक्ती
* २०१३ : इतिहाद एअरवेजची २४ टक्के गुंतवणूक
* २५ मार्च २०१९ : गोयल दांपत्याचा संचालक मंडळाचा राजीनामा
* १७ एप्रिल २०१९ : शेवटचे उड्डाण
* २० जून २०१९ : नादारीची कार्यवाही सुरू
* २२ जून २०२१ : जालान-कॅलरॉक समूहाच्या योजनेला मंजुरी
* ३० जानेवारी २०२३ : भविष्य निर्वाह निधी व उपदानाविषयीचा आदेश सर्वोच्च न्यायालयात कायम
* २५ जुलै २०२३ : कंत्राटी कामगारांच्या बाजूने निकाल
* ७ नोव्हेंबर २०२४ : अवसायनाचा आदेश

हे सुद्धा पहा

* किंगफिशर एअरलाइन्स
* गो फर्स्ट
* नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६
* अमरावती विमानतळ
* अकोला विमानतळ
* उडान योजना